पावती आणि तिच्या पेट्या: डेटाबेसने दिलेला आयडी प्रोग्रॅममध्ये अचूक कसा परत घ्यावा

देवगड तालुक्यातील एका आंबा पॅकिंग केंद्रासाठी मी नोंदणीची प्रणाली लिहिली, तेव्हा तिच्यात दोन टेबले मुख्य होती. बागायतदार सकाळी टेम्पोतून आंबा आणतो, त्याच्या नावाची एक पावती फाडली जाते आणि त्या पावतीखाली पेट्यांच्या ओळी येतात: चार डझनी किती, पाच डझनी किती, सहा डझनी किती. डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर 'पावती' टेबलात एक ओळ, 'पेटी' टेबलात तिच्या अनेक ओळी, आणि पेटीच्या प्रत्येक ओळीत आपली पावती कोणती हे सांगणारा एक कॉलम. पावतीचा आयडी, म्हणजे ओळीचा ओळखक्रमांक, आपण ठरवत नाही, तो डेटाबेस देतो. त्यामुळे पावती इन्सर्ट झाल्यावर, म्हणजे टेबलात घातल्यावर, तिला कोणता आयडी मिळाला हे प्रोग्रॅमला कळल्याशिवाय पेट्यांची एकही ओळ घालता येत नाही.

पहिल्या हंगामात मी हे काम सर्वांत सोप्या वाटणाऱ्या मार्गाने केले. आधी पावती इन्सर्ट करायची, मग टेबलातील सर्वांत मोठा आयडी विचारायचा आणि तोच आपला समजायचा. मार्चमध्ये आवक थोडी आणि खिडकी एकच होती, तोवर हे बिनचूक चालले. एप्रिलच्या मध्यावर दुसरी खिडकी उघडली आणि एका सकाळी दोन्ही खिडक्यांवर एकाच क्षणी पावत्या फाडल्या गेल्या. पहिल्या खिडकीचे इन्सर्ट झाल्यानंतर, पण तिने सर्वांत मोठा आयडी विचारण्यापूर्वी, दुसऱ्या खिडकीची पावती टेबलात पडली, आणि पहिलीला उत्तर म्हणून दुसरीचा आयडी मिळाला. संध्याकाळी ताळा घेताना एक पावती रिकामी आणि दुसरीवर दोन बागांचा माल असे चित्र दिसले. कच्च्या वहीवरून हिशेब जुळवता आला, पण बागेच्या नावाची लेबले पेट्यांवर चिकटून ट्रक वाशीच्या वाटेला लागला होता. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पेटी कोणत्या बागेची हे खात्रीने दाखवता येणे हा नुसत्या सोयीचा भाग उरलेला नाही. चूक माझ्या दोन ओळींच्या कोडची होती आणि ती टाळणे अवघड नव्हते.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: आयडी ज्या स्टेटमेंटमुळे (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेमुळे) तयार झाला, त्याच स्टेटमेंटच्या उत्तरातून तो घ्यावा, ते शक्य नसेल तर ज्या कनेक्शनवर (प्रोग्रॅम आणि डेटाबेसमधील जोडणीवर) इन्सर्ट केले त्याच कनेक्शनला विचारावा, टेबलाला मात्र कधीही विचारू नये. पुढील सर्व पायऱ्या या नियमाच्या वेगवेगळ्या डेटाबेसांतील आणि भाषांतील अंमलबजावणीच्या आहेत. कोडमधील शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते नेहमीच्या स्पेलिंगने लिहावेत, आणि नावात जिथे आडवी रेघ दिसेल तिथे अंडरस्कोअर आहे असे समजावे.

आधी क्रमांक कुठून येतो ते पाहू

आयडी देणारा मोजणीयंत्रासारखा एक काउंटर टेबलाच्या बाजूला स्वतंत्रपणे ठेवलेला असतो. पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेस प्रणालींत त्याला सिक्वेन्स म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये तो ऑटो-इन्क्रिमेंट या गुणधर्मामागे असतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयडेंटिटी कॉलममागे. इन्सर्ट आले की काउंटर लगेच पुढचा अंक देऊन मोकळा होतो. ते ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारा कामांचा गट) पुढे रोलबॅक, म्हणजे रद्द, झाले तरी दिलेला अंक काउंटर परत घेत नाही. तो परत घ्यायचा असता, तर पहिल्या खिडकीचे ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत दुसऱ्या खिडकीला ताटकळत थांबावे लागले असते.

याचा परिणाम असा की आयडींमध्ये खंड पडतात, आणि ते पडणारच. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात वीज गेली आणि सर्व्हर अचानक बंद पडला, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्टीजर आयडेंटिटी एकदम १००० ने आणि बिगइन्ट (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) असल्यास १०००० ने पुढे उडी मारू शकते, कारण तेवढे अंक आधीच मेमरीत राखून ठेवलेले असतात. पोस्टग्रेसमध्येही सर्व्हर कोसळल्यावर साधारण ३२ अंकांपर्यंत खंड पडू शकतो. ४०९ नंतर एकदम ४१२ कशी, असे हिशेबनीस विचारतात तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. पण त्याचे उत्तर आयडी सलग करणे हे नाही. छापील पावतीवरचा सलग क्रमांक हा वेगळा कॉलम असावा. त्यासाठी 'क्रमांक-नोंद' अशा छोट्या टेबलात त्या हंगामाची एक ओळ ठेवावी आणि पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती अपडेटने एकाने वाढवून वाचावी. ती ओळ लॉक होत असल्याने दुसऱ्या खिडकीला क्षणभर थांबावे लागेल; सलगपणाची ती किंमत आहे आणि जिथे सलगपणा खरोखर हवा तिथेच ती मोजावी. आयडीकडून केवळ एक अपेक्षा ठेवावी, ती म्हणजे तो दुसऱ्या कोणाचा नसावा.

पहिली पायरी: टेबल नीट मांडणे

पोस्टग्रेसमध्ये पूर्वी सिरियल हा प्रकार वापरत असत. २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून 'जनरेटेड ऑल्वेज अॅज आयडेंटिटी' ही प्रमाणित मांडणी उपलब्ध आहे आणि नव्या टेबलासाठी तीच वापरावी, कारण तिच्यात कोणी चुकून हाताने आयडी भरू लागला तर डेटाबेसच त्याला अडवतो. ओरॅकलमध्ये आयडेंटिटी कॉलम १२सी आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या प्रणालींत सिक्वेन्स आणि ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) अशी जोडी आढळते.

आयडीचा प्रकार सुरुवातीपासून बिगइन्ट ठेवावा. साध्या इन्टीजरची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. एका पॅकिंग केंद्राला ती पुरून उरेल, हे मला मान्य आहे. तरी चार बाइट वाचवून नंतर भरलेल्या टेबलाचा प्रकार बदलण्याचे काम ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

एसक्यूलाइटमध्ये 'इन्टीजर प्रायमरी की' असे लिहिलेला कॉलम (ओळ ओळखणारा मुख्य कॉलम) आतल्या रोआयडीचेच, म्हणजे ओळीच्या क्रमांकाचेच, दुसरे नाव ठरतो. तिथे ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द न लिहिल्यास, सर्वांत मोठ्या आयडीची ओळ पुसल्यावर तोच आयडी पुढच्या ओळीला पुन्हा मिळू शकतो. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांतही असाच धोका होता: काउंटर फक्त मेमरीत असे, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर तो टेबलातील कमाल आयडीवरून नव्याने मोजला जाई. पुसलेल्या पावतीचा आयडी नव्या पावतीला मिळाला आणि जुन्याचे लेबल कुठेतरी पेटीवर राहिले, तर गोंधळ उघड आहे. म्हणून एसक्यूलाइटमध्ये पावतीसारख्या नोंदींना ऑटोइन्क्रिमेंट लिहावे, आणि शक्यतो पावती पुसूच नये, 'रद्द' अशी खूण करावी.

दुसरी पायरी: इन्सर्टच्या उत्तरातच आयडी मागणे

ज्या डेटाबेसमध्ये रिटर्निंग आहे, तिथे काम एका वाक्यात संपते: 'इन्सर्ट इन्टू पावती (बागायतदार-आयडी, तारीख) व्हॅल्यूज (?, ?) रिटर्निंग आयडी'. ओळ घातली जाते आणि तिचा आयडी त्याच स्टेटमेंटचे उत्तर म्हणून, जणू सिलेक्ट केल्यासारखा, परत येतो. मध्ये फट राहत नाही, त्यामुळे दुसऱ्या खिडकीला शिरायला जागा नाही. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००६ सालच्या ८.२ आवृत्तीपासून आहे, मारियाडीबीमध्ये इन्सर्टसाठी १०.५ पासून, आणि एसक्यूलाइटमध्ये मार्च २०२१ च्या ३.३५.० आवृत्तीपासून. आयडीच नव्हे, तर डेटाबेसने भरलेली इतर मूल्येही याच मार्गाने मिळतात. उदाहरणार्थ, नोंदणीची वेळ डिफॉल्टने भरली जात असेल तर 'रिटर्निंग आयडी, नोंद-वेळ' असे लिहावे आणि पावतीवर तीच वेळ छापावी.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच काम आउटपुट करते, फक्त त्याची जागा व्हॅल्यूजच्या आधी असते: 'इन्सर्ट इन्टू पावती (...) आउटपुट इन्सर्टेड.आयडी व्हॅल्यूज (...)'. टेबलावर चालू ट्रिगर असेल तर हे थेट रूप त्रुटी देते. अशा वेळी 'आउटपुट... इन्टू' लिहून आयडी एका टेबल व्हेरिएबलमध्ये घ्यावा आणि मग तो वाचावा. ओरॅकलमध्ये 'रिटर्निंग आयडी इन्टू' असे लिहून आयडी बाइंड व्हेरिएबलमध्ये (क्वेरीला जोडलेल्या प्रोग्रॅममधील चलात) येतो.

तिसरी पायरी: रिटर्निंग नसेल तर कनेक्शनला विचारणे

मायएसक्यूएलमध्ये इन्सर्टला रिटर्निंग नाही. तिथे लास्ट-इन्सर्ट-आयडी हे फंक्शन आहे, आणि त्याच्याविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की त्याचे उत्तर प्रत्येक कनेक्शनपुरते वेगळे ठेवलेले असते. दुसऱ्या खिडकीने मध्ये शंभर पावत्या फाडल्या तरी पहिल्या खिडकीच्या कनेक्शनला स्वतःचाच शेवटचा आयडी मिळतो. पेटीवर किंवा पावतीवर ट्रिगर असून त्याने दुसऱ्या टेबलात ओळ घातली, तरी ट्रिगर संपल्यावर हे मूल्य पूर्ववत केले जाते. मात्र इन्सर्ट करताना आयडी हाताने दिला असेल तर हे फंक्शन बदलत नाही आणि आधीच्या कुठल्या तरी इन्सर्टचा आयडी सांगते. जुना डेटा आयात करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे हमखास घडते.

कनेक्शनपुरते असणे हे बळही आहे आणि अटही. वेब अॅप्लिकेशनमध्ये कनेक्शन पूलमधून, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून, घेतले जाते. इन्सर्टसाठी एक कनेक्शन घेतले, ते परत केले आणि आयडी विचारण्यासाठी पुन्हा घेतले, तर हाती दुसरेच कनेक्शन येऊ शकते आणि उत्तर दुसऱ्याच पावतीचे निघते. हा दोष चाचणीत दिसत नाही, कारण चाचणीत पूलमध्ये सहसा एकच कनेक्शन वापरात असते. तो भर हंगामात दिसतो. इन्सर्ट आणि आयडीची विचारणा ही दोन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनच्या आत, एकाच कनेक्शनवर करावीत. पोस्टग्रेसमध्ये करव्हॅल आणि लास्टव्हॅल ही फंक्शनेही सेशनपुरती, म्हणजे एका कनेक्शनपुरती, असतात. पीजीबाउन्सर हा पोस्टग्रेसची कनेक्शने वाटून देणारा प्रोग्रॅम ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालवत असल्यास, ट्रान्झॅक्शनबाहेर विचारलेले करव्हॅल दुसऱ्या सेशनला जाऊन पोहोचू शकते. रिटर्निंग असताना त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या कोडमध्ये तीन नावे आढळतात आणि ती एकमेकांच्या जागी वापरलेली मी पाहिली आहेत. 'अॅट अॅट आयडेंटिटी' त्या सेशनमधील शेवटचा आयडी देते, पण कोणत्याही स्कोपमधला, म्हणजे ट्रिगरसारख्या वेगळ्या कोडखंडातलाही. पावतीवरील ट्रिगरने तपासणीच्या टेबलात ओळ घातली असेल, तर पावतीऐवजी त्या ओळीचा आयडी येतो. 'स्कोप-आयडेंटिटी' तेच सेशन आणि तोच स्कोप पाहते, त्यामुळे ट्रिगरने फसत नाही. 'आयडेंट-करंट' मात्र टेबलाचा शेवटचा आयडी देते, मग तो कोणाच्याही सेशनमधला असो. म्हणजे माझ्या पहिल्या हंगामातील चूकच वेगळ्या नावाने. जुन्या कोडला हात लावायचा असेल तर किमान पहिल्या आणि तिसऱ्याच्या जागी स्कोप-आयडेंटिटी आणावी.

चौथी पायरी: भाषेतून तो हाती घेणे

जावामध्ये जेडीबीसी (डेटाबेसशी बोलण्याची जावाची ठरलेली सोय) ३.० पासून, म्हणजे जावा १.४ पासून, यासाठी ठरलेली रीत आहे. प्रिपेअरस्टेटमेंटला क्वेरीसोबत रिटर्न-जनरेटेड-कीज हा स्थिरांक द्यायचा, एक्झिक्यूटअपडेट चालवायचे, मग गेटजनरेटेडकीजने रिझल्टसेट घ्यायचा, नेक्स्ट खरे आले का ते पाहायचे आणि गेटलाँगने पहिला कॉलम वाचायचा. मायएसक्यूएलवर हे सरळ चालते. इतर डेटाबेसांचे ड्रायव्हर (जावाला त्या डेटाबेसशी जोडणारे घटक) मात्र या स्थिरांकाचा अर्थ आपापल्या परीने लावतात. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर क्वेरीच्या शेवटी 'रिटर्निंग *' जोडतो, त्यामुळे रिझल्टसेटमध्ये ओळीचे सर्व कॉलम येतात आणि पहिला कॉलम आयडीच असेल याची शाश्वती टेबलाच्या मांडणीवर अवलंबून राहते; टेबलात पहिला कॉलम बागायतदार-आयडी असेल, तर कसलीही त्रुटी न येता चुकीचा अंक हाती पडतो. ओरॅकलचा ड्रायव्हर याच स्थिरांकाला रोआयडी परत देतो, आणि गेटलाँग तिथे कोसळते.

म्हणून स्थिरांकाऐवजी कॉलमांच्या नावांचा अॅरे द्यावा. प्रिपेअरस्टेटमेंटचे दुसरे रूप क्वेरीसोबत नावांची यादी घेते. तिच्यात फक्त 'आयडी' लिहिले की पोस्टग्रेस आणि ओरॅकल दोन्हींकडे नेमका तोच कॉलम येतो. स्प्रिंग हे जावाचे फ्रेमवर्क वापरत असाल तर जनरेटेडकीहोल्डरसोबतही कॉलमांच्या नावांचा अॅरे देता येतो आणि कारण तेच आहे. हायबरनेटमध्ये (ऑब्जेक्ट थेट टेबलात साठवणाऱ्या जावा लायब्ररीत) ऑब्जेक्ट पर्सिस्ट, म्हणजे साठवण्यासाठी सुपूर्द, केल्यावर आयडी ऑब्जेक्टमध्येच भरलेला मिळतो, तरीही एक निर्णय आपल्याला घ्यावा लागतो: जनरेशनटाइप आयडेंटिटी ठेवल्यास हायबरनेट इन्सर्टांचे बॅचिंग (अनेक इन्सर्ट एकत्र पाठवणे) बंद करते, कारण प्रत्येक ओळीचा आयडी तिला लगेच हवा असतो. सिक्वेन्स ठेवल्यास ती आधीच अंकांचा गठ्ठा उचलून ठेवते. या गठ्ठ्याचे, म्हणजे अॅलोकेशनसाइझचे, मूळ मूल्य ५० आहे आणि डेटाबेसमधील सिक्वेन्सची इन्क्रिमेंटही तेवढीच असली पाहिजे. एकावेळी शेकडो पेट्या घालणाऱ्या प्रणालीत या निवडीने वेगात स्पष्ट फरक पडतो.

पायथनमध्ये मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांच्यासाठी कर्सरचे लास्टरोआयडी वाचावे. पोस्टग्रेससाठी सायकोपीजी ही लायब्ररी वापरताना त्याच्या नादी लागू नये. तिथे क्वेरीतच 'रिटर्निंग आयडी' लिहून एक्झिक्यूटनंतर फेचवनने ओळ घ्यावी. पीएचपीच्या पीडीओ या डेटाबेस जोडणीच्या सोयीत लास्टइन्सर्टआयडी आहे. ते अंक स्ट्रिंग म्हणून देते आणि मायएसक्यूएलवर ते कमिट (ट्रान्झॅक्शन पक्के) करण्यापूर्वीच वाचावे, कारण कमिटनंतर शून्य हाती येऊ शकते.

नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) मायएसक्यूएल२ पॅकेजच्या उत्तरात इन्सर्टआयडी असतो आणि पोस्टग्रेसच्या पीजी पॅकेजमध्ये रिटर्निंगची ओळ 'रोज' (रो, म्हणजे ओळ, याचे अनेकवचन) या अॅरेच्या पहिल्या घटकात येते. पीजी पॅकेज बिगइन्ट स्ट्रिंग म्हणून देते हे पाहून पुष्कळ जण तो लगेच नंबरमध्ये बदलतात. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक अचूक ठेवतो, म्हणून आयडी मोजणीसाठी नसून ओळखीसाठी आहे हे ध्यानात घेऊन तो स्ट्रिंगच राहू द्यावा.

पाचवी पायरी: पावती आणि पेट्या एकत्र

आयडी अचूक मिळाला तरी काम अर्धेच झाले. पावती घातली, आयडी मिळाला, तीन पेट्या पडल्या आणि चौथीला वीज गेली, तर अर्धी पावती टेबलात राहील. म्हणून क्रम असा ठेवावा: ट्रान्झॅक्शन सुरू करावे, पावती इन्सर्ट करून आयडी घ्यावा, आयडी आला नाही किंवा शून्य आला तर तिथेच थांबून रोलबॅक करावे, तोच आयडी घेऊन सर्व पेट्या घालाव्यात, मग कमिट करावे, आणि कमिट यशस्वी झाल्यानंतरच खिडकीवरील माणसाला पावती छापू द्यावी. शेवटची अट मी आग्रहाने सांगतो. आयडी हाती आला म्हणजे नोंद पक्की झाली असे नव्हे. कमिट होईपर्यंत तो केवळ राखून ठेवलेला अंक आहे. छापलेला कागद बागायतदाराच्या खिशात गेला की तो रोलबॅक करता येत नाही.

पेटी टेबलावर पावती-आयडीची फॉरेन की (हा आयडी पावती टेबलात असलाच पाहिजे असे बंधन) असलीच पाहिजे. ती चुकीच्या पण अस्तित्वात असलेल्या पावतीपासून वाचवत नाही, हे खरे. पण शून्य किंवा टेबलात नसलेला भलताच अंक आला तर ती दारातच अडवते. रिकामे मूल्य अडवण्यासाठी मात्र तो कॉलम 'नॉट नल' असावा लागतो.

सहावी पायरी: अनेक ओळी एकदम

पेट्यांची लेबले छापायची तर प्रत्येक पेटीचाही आयडी हवा, आणि चाळीस पेट्यांसाठी चाळीस फेऱ्या मारणे बरे नाही. एका इन्सर्टमध्ये अनेक ओळी देऊन रिटर्निंगने सर्व आयडी एकदम घेता येतात. येथे एक सापळा आहे: परत आलेल्या ओळींचा क्रम हा आपण दिलेल्या ओळींचाच क्रम आहे असे धरून चालू नये. एसक्यूलाइटचे दस्तऐवज हा क्रम अनिश्चित असल्याचे स्पष्ट सांगतात आणि एसक्यूएल सर्व्हरही आउटपुटच्या क्रमाची हमी देत नाही. पोस्टग्रेसमध्ये साध्या इन्सर्टला क्रम जुळलेला दिसतो, पण दिसण्यावर हिशेब उभा करू नये. पेटीच्या ओळीत पावतीपुरता 'अनुक्रम' कॉलम ठेवावा, १, २, ३ असा तो आपणच भरावा, 'रिटर्निंग आयडी, अनुक्रम' असे मागावे आणि अनुक्रमावरून जोडी लावावी. पावती-आयडी आणि अनुक्रम यांवर मिळून युनिक बंधन (तीच जोडी दोनदा येऊ न देणारे) घातले की जोडी चुकण्याची शक्यताच उरत नाही.

मायएसक्यूएलमध्ये अनेक ओळींच्या इन्सर्टनंतर लास्ट-इन्सर्ट-आयडी पहिल्या ओळीचा आयडी देते, शेवटच्या नव्हे. नावामुळे येथे हमखास फसगत होते. पहिल्यात ओळींची संख्या मिळवून बाकीचे आयडी काढण्याची युक्ती साध्या इन्सर्टला चालते, परंतु ऑटो-इन्क्रिमेंट-इन्क्रिमेंट हे सेटिंग एकाहून अधिक असेल तर अंतर बदलते. पावती-आयडी आणि अनुक्रम देऊन एक सिलेक्ट करणे हा तिथे अधिक स्वच्छ मार्ग आहे. ओळी आपल्याच पावतीच्या असल्याने त्यात दुसरी खिडकी मिसळत नाही.

सातवी पायरी: आधीच असलेली नोंद

बागायतदाराची नोंद नसेल तर घालावी आणि असेल तर तिचा आयडी घ्यावा, ही गरज रोजची आहे. पोस्टग्रेसमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग रिटर्निंग आयडी' लिहिले आणि नोंद आधीच असली, तर एकही ओळ परत येत नाही. फेचवनचे रिकामे उत्तर न तपासता वापरणारे कोड येथे कोसळते. एक उपाय म्हणजे उत्तर रिकामे आल्यास मोबाइल क्रमांकासारख्या युनिक कॉलमवरून सिलेक्ट करणे. दुसरा म्हणजे 'डू अपडेट' वापरून नावासारखे एखादे मूल्य पुन्हा लिहिणे, ज्यामुळे आयडी नेहमी परत येतो, पण प्रत्येक वेळी ओळ नव्याने लिहिली जाते. बागायतदारांच्या यादीत मी पहिला मार्ग वापरतो, कारण तिथे वाचणे वारंवार आणि बदल क्वचित असतो. मायएसक्यूएलमध्ये 'ऑन डुप्लिकेट की अपडेट आयडी = लास्ट-इन्सर्ट-आयडी(आयडी)' असे लिहिले की जुनी ओळ असो वा नवी, त्यानंतर विचारलेले लास्ट-इन्सर्ट-आयडी योग्य ओळीचाच आयडी सांगते.

आठवी पायरी: उत्तर वाटेतच हरवले तर

आमच्या भागात सड्यावर मोबाइलला रेंज असते आणि खाली खाडीच्या काठी, जिथे कलमे आहेत, तिथे ती जाते. बागेतूनच नोंद पाठवणाऱ्या अॅपमध्ये असे घडते की विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते, पावती कमिट होते, पण आयडी घेऊन येणारे उत्तर वाटेत तुटते. अॅपला वाटते नोंद झालीच नाही. माणूस पुन्हा बटण दाबतो आणि एकाच मालाच्या दोन पावत्या होतात. येथे रिटर्निंग काही करू शकत नाही, कारण डेटाबेसने आपले काम चोख केलेले असते.

यावर उपाय असा की अॅपनेच पावती तयार करताना एक युयूआयडी (दुसऱ्या कोणाशी जुळणार नाही असा लांब ओळखक्रमांक) बनवावा, तो नोंदीसोबत पाठवावा आणि पावती टेबलात त्यावर युनिक बंधन ठेवावे. तीच विनंती दुसऱ्यांदा आली की इन्सर्ट युनिकवर अडते, आणि सर्व्हर सातव्या पायरीप्रमाणे त्याच युयूआयडीवरून जुन्या पावतीचा आयडी शोधून परत देतो. मात्र तो युयूआयडी पावती उघडतानाच बनवून फोनमध्ये साठवला पाहिजे. प्रत्येक वेळी पाठवताना नवा बनवला, तर त्याचा काहीच उपयोग नाही.

मग युयूआयडीलाच प्रायमरी की का करू नये, हा प्रश्न साहजिक आहे. करता येते, आणि तसे केल्यास आयडी परत मागण्याची गरजच संपते. अडचण जुन्या, पूर्णपणे यादृच्छिक अशा चौथ्या आवृत्तीच्या युयूआयडीची होती: मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवल्या जातात, त्यामुळे नव्या ओळी टेबलभर विखुरल्या जातात. मे २०२४ मधील आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकाने प्रमाणित केलेल्या सातव्या आवृत्तीत सुरुवातीचे ४८ बिट वेळेचे असतात, म्हणून नव्या ओळी बहुतांशी शेवटाकडे जमतात. पोस्टग्रेसच्या अठराव्या आवृत्तीत त्यासाठी फंक्शनही आले आहे. तरी खिडकीवर मोठ्याने उच्चारून सांगता येईल असा छोटा क्रमांक माणसांना लागतोच, आणि म्हणून माझ्या प्रणालीत आतला बिगइन्ट आयडी, अॅपचा युयूआयडी आणि छापील पावती क्रमांक असे तीन वेगळे कॉलम आहेत.

शेवटची पायरी: हंगामाआधीची चाचणी

हे सर्व लिहिल्यावर ते एका खिडकीवर तपासून उपयोग नाही. डेटाबेसला जोडलेले दोन टर्मिनल उघडावेत. पहिल्यात ट्रान्झॅक्शन सुरू करून पावती घालावी आणि आयडी घेण्यापूर्वी थांबावे. दुसऱ्यात एक पावती घालून कमिट करावी. मग पहिल्यात आयडी घ्यावा. रिटर्निंग असलेल्या डेटाबेसमध्ये हे थांबणे शक्यच होत नाही, आणि तेच अपेक्षित आहे. लास्ट-इन्सर्ट-आयडी किंवा स्कोप-आयडेंटिटी असेल तर पहिल्याला स्वतःचाच आयडी मिळाला पाहिजे.

यानंतर अॅप्लिकेशनमधून वीस थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) एकाच वेळी सोडावेत. प्रत्येक थ्रेडने स्वतःच्या नावाच्या पन्नास पावत्या फाडाव्यात, प्रत्येक पावतीत तीन पेट्या घालाव्यात आणि प्रत्येक पेटीत थ्रेडचे नाव लिहावे. पूलचा आकार मुद्दाम थ्रेडांपेक्षा कमी, समजा पाच, ठेवावा, म्हणजे कनेक्शने हातोहात फिरतील. शेवटी पावती आणि पेटी जोडून दोन गोष्टी मोजाव्यात: ज्या पेटीवरील थ्रेडचे नाव तिच्या पावतीवरील नावाशी जुळत नाही अशा पेट्या, आणि ज्या पावतीखाली बरोबर तीन पेट्या नाहीत अशा पावत्या. दोन्ही संख्या शून्य आल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या हंगामातील कोड पुन्हा काढून मी त्यावर हीच चाचणी चालवली, तेव्हा न जुळणाऱ्या पेट्या पहिल्याच फेरीत दिसल्या.